आधी सांधा, मग माप

वार्षिक अंकासाठी लेख मागितला की आम्हा भौतिकशास्त्राच्या लोकांकडून बहुधा अवकाशयान किंवा अणुशक्ती अशा विषयांची अपेक्षा असते. यंदा मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांविषयी लिहिणार आहे. संपादकांनी क्षमा करावी. विषय दिसायला गॅरेजचा आहे, पण त्याने मला आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या खोडीकडे पाहावयास लावले, आणि त्या खोडीत मी स्वतःही सामील होतो. तेव्हा लेखाच्या शेवटी थोडी कबुलीही आहे.

माझी थोरली बहीण सुरतेस कतारगाम भागात राहते. आमचे भावोजी खानापूर तालुक्यातले. पोटासाठी तिकडे गेले आणि एका हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता तिथलेच झाले. कतारगाम म्हटले की सुरतेच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, उंधियूत घालावयाची कतारगामची पापडी; आणि दुसरी, हिऱ्यांच्या घंट्या. पापडीची शेते आता बहुतेक इमारतींखाली गेली. घंट्या मात्र गल्लोगल्ली आहेत. फिरत्या चकतीभोवती कारागीर बसलेले असतात आणि डोळ्याला न दिसणाऱ्या मापाची कामे बोटांनी चाललेली असतात. भावोजींच्या शेजारीही एक असे रत्नकलाकार राहतात. ते या हकिगतीत पुढे येतील.

भावोजींकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. नव्या विद्यार्थ्यांनी ही गाडी बहुधा चित्रपटात पाहिली असेल. मूळ इटलीतील फियाट ११००. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीत तयार होई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच गाडी. त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. कायद्याच्या भाषेत पन्नास वर्षे पुरी झाल्याखेरीज गाडी ‘व्हिंटेज’ होत नाही. म्हणजे भावोजींची पद्मिनी अजून नुसतीच म्हातारी आहे. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नवी करून घ्यावी लागते आणि तेवढे कष्ट भावोजी आनंदाने घेतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला, उकाईचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा ही गाडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन खोलून धुतले, सीटा बदलल्या, रंग दिला. खालच्या अंगाचे काय झाले हे कोणी पाहिले नाही.

गेल्या मे महिन्यात मी कतारगामला गेलो होतो. भाचीला बेळगावला पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घ्यावयाचा होता. पोरीला याच गाडीतून आजोळी पोचवायचे, असा भावोजींचा हट्ट. सुरत ते बेळगाव म्हणजे साडेसातशे किलोमीटरच्या घरातली मजल. त्यासाठी त्यांनी एका गॅरेजात चाकांचे अलाइनमेंट करून आणले होते. संगणकावर छापलेला कागदही होता. त्यात साऱ्या आकड्यांपुढे हिरवी खूण, टो-इन दोन मिलिमीटर. मी कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणालो, “उत्तम आहे. निघू या.”

संध्याकाळी आम्ही सिंगणपोरच्या कॉजवेपर्यंत सहज फेरी मारून आलो. परत आल्यावर अक्का एवढेच म्हणाली, “ही गाडी रस्ता शोधत चालते रे.”

मला ते वाक्य बायकी वाटले, हेही लिहून टाकतो. कागदावर हिरवी खूण होती ना! पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः चालवायला बसलो तेव्हा तिचे म्हणणे हाताला कळले. सरळ रस्त्यावर चाक सतत इकडेतिकडे सावरावे लागत होते. खड्डा लागला की गाडी एकदा डावीकडे ओढे, एकदा उजवीकडे. भावोजी सांगू लागले की वर्षात दोनदा अलाइनमेंट केले. दोन्ही वेळा कागद चोख आला आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा पूर्वपदावर गेली.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. बैलगाडीला दोनच चाके, त्यामुळे तिच्या वळणाचा प्रश्न बैल सोडवतात. चारचाकी घोडागाडीत पूर्वी पुढचा अख्खा आस मध्यावर खिळलेला असे आणि वळताना तो सबंध फिरे. जर्मनीतील म्युनिकचा एक गाड्या बांधणारा, गेओर्ग लांकेनस्पेर्गर, याला सुचले की आस स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर फिरवावीत. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात जाते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक जास्त वळले पाहिजे. दोन्ही चाकांच्या मागे निघणारे दांडे किंचित आत झुकवून आडव्या दांड्याने जोडले की ते आपोआप साधते. इंग्लंडमध्ये १८१८ साली या युक्तीचे पेटंट त्याचा तिथला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतले, आणि आजतागायत जगभरच्या पुस्तकांत नाव आकरमानचेच आहे! शोध एकाचा आणि नाव अर्जदाराचे, ही गोष्ट संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना नवी नाही.

पद्मिनीत हा आडवा दांडा एक नसून तीन तुकड्यांत आहे. उजवीकडे स्टिअरिंगची पेटी. तिच्यातून निघालेला ड्रॉप आर्म. डावीकडे तसाच दिसणारा, पण नुसता आधार देणारा आयडलर आर्म. या दोघांना जोडणारा मधला रॉड, आणि बाजूंना दोन टाय रॉड, जे चाकांपर्यंत पोचतात. प्रत्येक टोकाला गोळीचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे व दुसऱ्याला डावे, त्यामुळे मधली नळी फिरवली की रॉड लांब किंवा आखूड होतो. गॅरेजात अलाइनमेंट करतात म्हणजे बहुतेक वेळा ही नळी फिरवतात.

टो-इन म्हणजे दोन्ही पुढची चाके समोरच्या बाजूला एकमेकांकडे जराशी कललेली असणे. जुन्या, मागच्या चाकांना जोर असणाऱ्या गाड्यांत ते साधारण एक ते तीन मिलिमीटर ठेवतात. कारण असे की गाडी पुढे जाताना रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो आणि ती बाहेरच्या दिशेला उघडू पाहतात. सांध्यांत जी थोडी ढिलाई असते ती निघून जाते आणि चालत्या गाडीची चाके जवळजवळ समांतर होतात. म्हणजे थोडा प्ले राहणारच, हे गृहीत धरून हा आकडा ठरवलेला आहे. प्ले फार वाढला तर उभ्या गाडीवर घेतलेला आकडा आणि चालत्या गाडीची स्थिती यांचा काही संबंध उरत नाही.

आम्ही जॅक लावून गाडी उचलली. मी चाक हलवून पाहिले, खाली डोके घालून पाहिले, मला काही दिसेना. शेजारचे रत्नकलाकार काका सुटीच्या दिवशी बनियनवर उभे राहून आमची गंमत पाहत होते. ते खाली वाकले, भाचीला स्टिअरिंग डावीउजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगितले, आणि स्वतः एकेक सांध्यावर दोन बोटे ठेवून गेले. अर्धे बोट दांड्यावर, अर्धे सांध्याच्या खोबणीवर. डाव्या टाय रॉडवर थांबले. “आ हले छे,” म्हणाले. मधल्या रॉडच्या डाव्या टोकाला पुन्हा तेच. मग आयडलर आर्म हाताने वरखाली करून दाखवला. तो तर दाराच्या कडीसारखा वाजला. माझ्या डोळ्याला जे दिसत नव्हते ते त्यांच्या बोटांना एका क्षणात समजले. त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली: जॅकवर टांगलेल्या चाकाने सगळे कळत नाही, गाडी जमिनीवर उभी असताना, भार असताना, स्टिअरिंग हलवून सांधे पाहावेत. मी तीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवतो आहे.

आता मोजायचे ठरले. गॅरेजला परत जाण्यापेक्षा घरीच. यंत्राची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. ते यंत्र माझ्या दोऱ्यापेक्षा किती तरी अचूक असते. पण त्याला जे दाखवावे ते ते मोजते.

पद्धत अगदी साधी. प्रत्येक पुढच्या रिमच्या कडेवर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, समोरच्या बाजूला खडूची खूण करावयाची. दोन खुणांमधले अंतर मोजावयाचे. मग गाडी बरोबर अर्धा फेरा पुढे ढकलावयाची, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूस त्याच उंचीवर येतात. पुन्हा अंतर मोजावयाचे. मागचे अंतर वजा पुढचे अंतर म्हणजे टो-इन. तीच खूण दोन्ही वेळा वापरल्याने रिम वाकडी असली तरी तिची चूक आपोआप कटते. इंजिनाखालून टेप सरळ जात नाही, म्हणून एका लाकडी पट्टीला दोन उभ्या काठ्या ठोकून एक मोठा कंपास केला. रिमवर टोकापासून टोकापर्यंत अडतीस सेंटीमीटर भरत होते.

यात एक पथ्य आहे, आणि सारा लेख त्या पथ्यासाठी लिहिला असे म्हटले तरी चालेल. मोजण्यापूर्वी गाडी नेहमी पुढेच ढकलत आणावी. मागे ढकलून थांबवली तर सांध्यातली ढिलाई उलट बाजूला जाऊन बसते. आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट दुसऱ्या नावाने माहीत आहे. स्क्रूगेज किंवा चलसूक्ष्मदर्शक वापरताना स्क्रू एकाच दिशेने फिरवा, मध्येच उलटा फिरवू नका, नाहीतर बॅकलॅशची चूक येते, असे प्रयोगवहीच्या ‘दक्षता’ या सदरात प्रत्येकजण लिहितो. लिहितो एवढेच.

आम्ही मुद्दाम दोन्ही केले. भाचीने वहीत दोन रकाने आखले. गाडी मागे ढकलत आणून मोजले तेव्हा टो-इन तीन मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जवळपास. पुढे ढकलत आणून मोजले तेव्हा चाके उलट सहा मिलिमीटर उघडलेली! एकूण फरक नऊ मिलिमीटर. चाकामागचा दांडा सुमारे तेरा सेंटीमीटर लांब, आणि रिमची रुंदी अडतीस. म्हणजे सांध्यातला एक मिलिमीटर रिमवर जवळजवळ तीन होतो. तीन मिलिमीटरची ढिलाई तीन ठिकाणी वाटली गेली तर कोणालाच ती मोठी वाटत नाही. कागद खोटा नव्हता. गाडी ज्या स्थितीत उभी केली त्या स्थितीचे ते खरे माप होते. रस्त्यावर मात्र ती वेगळी गाडी होती.

भाचीने मग हिशेब केला, तो मला फार आवडला. सहा मिलिमीटर उघड म्हणजे प्रत्येक चाक तीन मिलिमीटर तिरके. अडतीस सेंटीमीटरला तीन मिलिमीटर, तर एका किलोमीटरला जवळजवळ आठ मीटर. साडेसातशे किलोमीटरला सहा किलोमीटर. “म्हणजे मामा, बेळगावपर्यंत आपण सहा किलोमीटर आडवे चालणार?” रबर लवचिक असल्याने ते सारे घासण्यात जात नाही, काही ताणण्यात जाते, एवढी दुरुस्ती मी सुचवली. पण टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला तर करवतीसारखे दात लागले. बाहेरून पाहता टायर ठणठणीत होते. चाके उघडी असली की आतली कड झिजते, आणि आतली कड कोणी वाकून पाहत नाही.

दुरुस्तीचे सगळे वर्णन करीत बसत नाही. दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

सांध्याची निमुळती खुंटी दांड्यात घट्ट बसलेली असते. ती खालून नटावर हातोडा मारून काढू नये, आटे जातात. दांड्याच्या कानाच्या एका बाजूला एक हातोडा टेकवून ठेवावा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने एक फटका द्यावा. कान क्षणभर लांबुळका होतो आणि खुंटी सुटते. काकांच्या ओळखीच्या मेस्त्रींनी हे केले, मी फक्त हातोडा धरला. रबरी टोप्या फाडल्या तेव्हा आतून ग्रीसऐवजी वाळलेला गाळ निघाला. तापीचा असावा, दुसरा कुठला असणार? इतकी वर्षे तो पॉलिशच्या पावडरीसारखा आतल्या आत घासत राहिला होता. आणि कॅसल नटाच्या खाचेत स्प्लिट पिन बसत नसेल तर नट पुढे आवळावा, सैल करून खाच जुळवू नये. पिन नेहमी नवी घालावी. चार आण्यांच्या त्या पिनेवर माणसांचा जीव असतो.

सांधे मुंबईहून मागवले. आयडलरचा बुश मात्र मिळेना. म्हणून कतारगामच्याच औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे गेलो. जुना बुश पुढे करून म्हटले, असाच एक करून द्या. त्याने बुश हातात घेतला आणि परत दिला. याचे माप घेऊन केला तर झीजही नव्यात उतरेल, म्हणाला, पिन आणा. पिनेचा जो भाग बुशाच्या बाहेर राहत होता, जिथे कधी काही घासले नव्हते, तिथे त्याने मायक्रोमीटर लावला आणि ते माप धरले. झिजलेल्या जागी पिन पातळ झाली होती. तीही त्याने नवी करायला लावली. मी घरी येईपर्यंत गप्प होतो. झिजलेल्या वस्तूचे अचूक माप घेणे ही किती धोक्याची गोष्ट आहे, हे मी वर्गात कधी इतक्या थोडक्यात सांगू शकलो नव्हतो.

सगळे नवे बसवल्यावर एक जुने पाप उघडे पडले. दोन्ही टाय रॉडची लांबी वेगळी होती. एकीकडे सहा आटे बाहेर दिसत, दुसरीकडे चौदा. कोणी तरी, कधी तरी, गाडी ओढते म्हणून एकाच बाजूची नळी फिरवली होती. त्याने चाके सरळ झाली पण स्टिअरिंग चाक तिरके राहिले. पुढच्याने मग स्टिअरिंग चाकच काढून दोन दाते सरकवून पुन्हा बसवले, म्हणजे आडवी दांडी सरळ दिसावी. दिसायला सारे ठीक. पण या जातीच्या पेटीत आतला वर्म बरोबर मध्यावर सर्वांत घट्ट बसेल असा केलेला असतो. बाजूला गेला की सैल. गाडी सरळ चालताना पेटी मध्यावर नव्हतीच. त्यामुळे जो प्ले होता तो पेटी झिजली असे समजून आणखी कोणी तरी पेटीचा स्क्रू आवळून ठेवला होता. शिवाय दोन रॉड असमान झाले की आकरमानच्या नावावरचे ते गणितही बिघडते. डावे आणि उजवे वळण सारखे राहत नाही.

एकामागून एक तीन माणसांनी, प्रत्येकाने आपापल्या समजुतीने, शेवटी दिसणारी चूक दुरुस्त केली होती. कोणीही आळशी नव्हते, आणि सगळ्यांनी पैसे घेऊन काम केले होते. तरी गाडी दर वेळी थोडी अधिक बिघडली. आम्ही स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजले, निम्म्यावर आणून पेटी मध्यावर ठेवली, स्क्रू योग्य तेवढाच सोडला, दोन्ही रॉड सारखे केले, स्टिअरिंग चाक त्याच्या मूळ दातांवर बसवले. आणि सर्वांत शेवटी दोन्ही नळ्या सारख्याच फिरवून टो-इन दोन मिलिमीटर केले. गॅरेजात जे पहिले झाले होते ते आमच्याकडे शेवटी झाले. पुढे ढकलून आणि मागे ढकलून घेतलेल्या मापांत आता एक मिलिमीटरचाही फरक नव्हता.

आता प्रयोगशाळेकडे येतो. मी वर जी खोडी म्हटली ती हीच.

मागे एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत तारेची विशिष्ट रोधकता काढण्याचा प्रयोग होता. एका तुकडीत एकोणीस मुले, आणि तारेचा व्यास मोजायला आमच्याकडचा एकच स्क्रूगेज आळीपाळीने फिरत होता. अठरा जणांचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळले. एका विद्यार्थिनीचे सुमारे अठरा टक्के चुकले. मी तिचे गुण कापले. तिने तोंडी परीक्षेत हळूच सांगितले की सर, स्क्रू सैल लागतो. मी म्हणालो, उपकरणाला दोष देऊ नये. पुढे सुटीत कपाट आवरताना तो स्क्रूगेज माझ्या हाती आला. त्याचे आटे झिजले होते. व्यास ०.४६ मिलिमीटरऐवजी ०.५० दाखवीत होता. व्यासाचा वर्ग होतो, म्हणजे उत्तरात अठरा टक्के. त्या दिवशी त्या उपकरणावर प्रामाणिकपणे मोजणाऱ्याचे उत्तर चुकायलाच हवे होते. अठरा जणांचे बरोबर आले, याचा अर्थ अठरा जणांनी नळी फिरवली होती. आणि मी त्यांना पूर्ण गुण देऊन हिरवी खूण केली होती.

मुलांना दोष देणे सोपे आहे. पण गुरुत्वत्वरण ९८० आले तर दहापैकी नऊ आणि ९३० आले तर चार, हे आम्हीच शिकवले. मुलाला नेमके कळते की परीक्षकाला काय पाहायचे आहे. मग तो उलट्या दिशेने हिशेब करून वाचने बसवतो, आणि त्यात त्याला चांगली गतीही येते. अशी मुले पुढे कारखान्यात, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, पुलाच्या कामावर जातात, आणि त्यांच्या हातात कागद असतो.

माझी सूचना अशी. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी निदान एक चतुर्थांश गुण उत्तरासाठी नव्हे, तर उपकरण तपासण्यासाठी ठेवावेत. शून्यचूक किती, स्क्रू सैल आहे का, पट्टीचे टोक घासले आहे का, खुंटी हलते का, हे वाचनाच्या तक्त्याआधी लिहिले पाहिजे. प्रत्येक प्रयोगशाळेत काही उपकरणे जाणूनबुजून सदोष ठेवावीत, आणि कोणती ते परीक्षकालाच ठाऊक असावे. जुळणारे उत्तर सदोष उपकरणावर आले तर तेथे गुण कापावेत.

सहकाऱ्यांपैकी काहींनी यावर आक्षेप घेतले आहेत आणि ते अगदीच फोल नाहीत. बाहेरचा परीक्षक तीन तासांत तीस वह्या पाहतो; त्याला उत्तर पाहण्यापलीकडे वेळ कुठला? शिवाय, सदोष उपकरण दिले म्हणून एखादा पालक तक्रार घेऊन येईल. वेळेचा प्रश्न खरा आहे. त्यावर माझ्याकडे प्रयोगांची संख्या कमी करण्याखेरीज उपाय नाही, आणि तो विद्यापीठाला पटवावा लागेल. तक्रारीचे म्हणाल तर आज आमची निम्मी उपकरणे सदोष आहेतच. फक्त कोणी तसे लिहीत नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “मुलाला चुकीचे उत्तर लिहायला शिकवणार काय?” होय. हाती जे आले तेच लिहायला शिकवणार, आणि ते का आले हे शोधायला लावणार. दुसरे काही शिकवण्यासारखे आमच्या प्रयोगशाळेत आहे असे मला वाटत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. वापी, ठाणे, पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी. दोन मुक्काम केले, साठच्या वर गेलो नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत पुढे जात. अक्का पुढे बसली होती. पालघर जिल्ह्यातील मनोर मागे पडल्यावर ती म्हणाली, “आता शोधत नाही.” नंतर कऱ्हाडपर्यंत झोपली.

बेळगावला पोचल्यावर भाचीने दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयाच्या मैदानात गाडी पुढे ढकलायला लावून पुन्हा मोजले. अडीच मिलिमीटर. कतारगामला दोन होते. अर्धा मिलिमीटर का वाढला याचा तिला अजून शोध लागलेला नाही. तिचा संशय डाव्या नळीच्या क्लॅम्पवर आहे, माझा आमच्या लाकडी कंपासावर. त्या विद्यार्थिनीचे गुण आता बदलता येत नाहीत. तो स्क्रूगेज मात्र मी फेकून दिला नाही. पहिल्या वर्षाच्या कपाटात इतर पाचांबरोबर ठेवला आहे, आणि त्यावर चिठ्ठी लावलेली नाही.